कळलंच नाही तर बरं?

"मॅडम, टेस्ट नको. निघालंच काही तर? त्यापेक्षा कळलंच नाही तर बरं."

आमच्या आयसीटीसीत, म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, हे वाक्य सतत कानावर पडतं. सोलापूरकडचा एक चाळिशीतला गृहस्थ तीनदा येऊन हेच बोलून गेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) संमतीचा फॉर्म घ्यायचा, चार घड्या घालायचा आणि तसाच टेबलावर ठेवून निघायचा.

घाबरलेल्या माणसाच्या कानात माहिती शिरत नाही, आधी त्याची आठवण ऐकावी लागते, असं माझं ठाम मत आहे. चौथ्या खेपेला विचारलं, "दादा, हा आजार कुणाचा जवळून पाहिलाय?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "थोरल्या भावाचा. २००२ ला गेला. त्याचं ताट गोठ्यात असायचं, मागं नाव कोरलेलं. आई वरनंच भाकरी टाकायची."

"मग भीती कशाची वाटते? रोगाची, का त्या ताटाची?"

तो ओक्साबोक्शी रडला. "ताटाची."

तेव्हा मला उमगलं, हा माणूस अजून २००२ मध्येच थांबलाय! सरकारची मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी औषधं सुरू झाली १ एप्रिल २००४ ला. भावापर्यंत ती पोचलीच नव्हती. हे सांगितल्यावर त्याने बोटांवर वर्षं मोजली आणि फॉर्मची घडी उलगडून सही केली.

तीन वेगवेगळ्या किटवर तपासलं. पॉझिटिव्ह. पण वेळेत आला होता. २०१७ पासून सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, कितीही असला तरी उपचार लगेच सुरू करतात. त्याला रोज एकच गोळी लागली. रेंगाळला असता तर टीबीने गाठलं असतं, असे रुग्ण मी पाहते. बायकोची टेस्ट निगेटिव्ह आली.

तुमच्याही मनात शंका असेल तर उद्याच जा. तपासणी मोफत, माहिती गुप्त. धोका नुकताच घडला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा, लागण टाळणारी औषधं असतात. लवकर केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करा. विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा.

सहा महिन्यांनी त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकेही उरले नव्हते. गोळी न चुकवता हे टिकवलं, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. त्या दिवशी आईही सोबत होती. तिने पिशवीतून डबा काढला, झाकणात पिठलं-भाकरी वाढली आणि लेकाबरोबर त्यातच जेवली.