‘तुमचे पणजोबा भाकरीसाठी बाटले’ याला काय उत्तर देऊ?

आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं माझ्याकडे एक काळजी वारंवार घेऊन येतात. “ताई, प्रभूविषयी बोलायला जातो, समोरचा एकच प्रश्न टाकतो आणि माझी बोलती बंद होते. माझा विश्वास कच्चा आहे का?”

नगर जिल्ह्यातला, पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा याच कारणाने आला होता. (त्याला विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्याचा खोलीतला मित्र वारकरी घरातला, अगदी जिवाभावाचा. जेवताना विषय निघाला की मित्राच्या शंका ठरलेल्या असायच्या: तुमचा धर्म इंग्रजांचा; सगळे देव एकच, मग सांगत कशाला फिरता; देव दयाळू, तर लहान लेकरं का मरतात; आणि तुमचे पणजोबा दुष्काळात भाकरीसाठी बाटले. पहिल्या तिन्हींवर हा जमेल तसं बोलायचा. चौथं वाक्य आलं की ताटावरून उठायचा.

“चौथंच का लागतं?” मी विचारलं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “ते खरं असेल अशी भीती वाटते.”

मी पाहिलेल्या बहुतेक मुलांचं असंच असतं. जी शंका आपल्याही मनात दडलेली असते, ती दुसऱ्याने बोलून दाखवली की राग येतो. अशा वेळी पाठ केलेली उत्तरं कामाला येत नाहीत. मी त्याला गावी आजीकडे पाठवलं.

आजीने काहीच लपवलं नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात नगर भागात मिशनऱ्यांनी अन्नधान्य दिलं, आणि त्याच सुमारास महार-मांग वस्त्यांमधून पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले, हा इतिहासच आहे. “भाकर मिळाली, खरंय,” आजी म्हणाली. “पण दुष्काळ सरल्यावर कुणी बांधून ठेवलं होतं का? आपली माणसं राहिली. ज्यांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, त्यांच्या लेकींना पाटी-पेन्सिल मिळाली.”

उपाशी माणसाला जेवू घालणाऱ्यांचा देव जवळचा वाटला, यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. प्रभूनेही भुकेल्या जमावाला रिकाम्या पोटी परत पाठवलं नव्हतं. मात्र आज कुणी मदतीच्या बदल्यात बाप्तिस्मा मागत असेल, तर ते पाप आहे, आणि तसं आपण सर्वांच्या आधी म्हटलं पाहिजे. लाभाचंच बोलायचं, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या सवलती जातात. आजीच्या पिढीने ते सोसलं आहे.

बाकीच्या शंकांवर आम्ही थोडंच बोललो. इंग्रजांचा धर्म? वास्को द गामा १४९८ मध्ये केरळच्या किनाऱ्याला लागला, त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून तिथे ख्रिस्ती मंडळी होती. आणि आपल्याकडे मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं अजूनही टाळ-मृदंगावर म्हटली जातात. लेकरांच्या मरणावर तर मी कुणालाच युक्तिवाद शिकवत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं येशू म्हणाला. आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ तर तो स्वतः रडला. विचारणाऱ्याच्या घरात कुणी गेलं आहे का, हे आधी पाहावं आणि गप्प बसता येत असेल तर बसावं.

सगळे देव एकच, या मुद्द्यावर त्याला मी एवढंच सांगितलं की मित्राच्या विठ्ठलाला कमी न लेखता आपल्याला येशूत काय सापडलं ते सांग. योहानाच्या शुभवर्तमानातल्या जन्मांधाने परूशी या धर्मपुढाऱ्यांपुढे तेच केलं: मी आंधळा होतो, आता मला दिसतं. येशूचा शिष्य पेत्रही उत्तर द्यायला तयार राहा म्हणतो ते विचारणाऱ्यासाठी, आणि तेही सौम्यतेने. संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्म सांगण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटलं. काही ख्रिस्ती लोकांना हे खटकतं. मला ते पटतं, कारण माणसाचं मन वळवणं आपल्या हातात कधीच नव्हतं.

पुढच्या वेळी मित्राने भाकरीचा विषय काढला तेव्हा हा ताटावरच बसून राहिला. “हो, भाकरी मिळाली,” म्हणाला आणि आजीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मित्र ख्रिस्ती झालेला नाही, माळही उतरवलेली नाही. पण आता त्याने नवा प्रश्न विचारला आहे: तुमच्या चर्चमध्ये लग्नं जुळवताना जात बघतात का? बघतात, पुष्कळ ठिकाणी. ते मान्य करून पुढे काय बोलायचं, यावर आमची पुढची भेट ठरली आहे.