पांढरी भिंत पांढरी नसते

प्रश्न : निवृत्तीनंतर मी तैलरंग शिकू लागले असून सरावासाठी डच चित्रकार व्हर्मीरचे दूध ओतणाऱ्या मोलकरणीचे चित्र उतरवत आहे. चेहरा बरा जमला; पण मागची भिंत खडू फासल्यासारखी दिसते, ती सुधारायला गेले की रंगांचा चिखल होतो आणि निळा एप्रन काळा पडतो. नक्कल करून काय शिकणार, असे घरचे विचारतात ते वेगळेच. – एक वाचक, नाशिक

उत्तर : घरच्यांना सांगा की व्हर्मीरच्या काळात हॉलंडमधली उमेदवार मुले गुरूची चित्रे उतरवूनच हा धंदा शिकत. आता भिंतीकडे वळू, कारण या चित्रातले सर्वांत अवघड काम तेच आहे.

मूळ चित्र 1660 च्या सुमाराचे, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेले आणि जेमतेम 45 सेंटिमीटर उंचीचे आहे. अलीकडच्या तपासणीत असे दिसले की भिंतीवर सुगड्या टांगण्याची फळी आणि खाली शेकोटीची टोपली रंगवायला घेऊन व्हर्मीरने ती दोन्ही बुजवून टाकली. म्हणजे ही रिकामी भिंत त्याने जाणूनबुजून रिकामी ठेवली आहे. ती मी प्रथम उतरवली तेव्हा ट्यूबमधला पांढरा जसाच्या तसा फासला होता, आणि मोलकरीण कात्रण चिकटवल्यासारखी दिसू लागली होती.

एका राखाडी पुठ्ठ्याला वाटाण्याएवढे भोक पाडा आणि त्यातून छापील चित्राची भिंत जागोजागी पाहा. खिडकीजवळचा डावा भाग चांगलाच गडद निघेल. उजवीकडे, मोलकरणीच्या पाठीमागे, ती उजळत जाते. त्यामुळे तिची उजेडातली बाजू गडद भिंतीसमोर आणि सावलीतली बाजू उजळ भिंतीसमोर येते. तुमच्याकडे बहुधा टिटॅनियम व्हाइट असेल. तो थंड असतो आणि मिश्रणात इतर रंगांवर मात करतो, म्हणून त्यात चिमूटभर यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि रॉ अंबर (मातकट तपकिरी) मिसळून पाच-सहा छटा आधीच पॅलेटवर तयार ठेवा. व्हर्मीरचा पांढरा शिशाचा होता. तो विषारी असल्याने घरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

चिखल होतो तो खालचा थर ओला असताना ब्रश फिरवत राहिल्याने. तैलरंगातले अळशीचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि त्याला काही दिवस लागतातच. पावसाळ्यात तर आणखी. पहिला थर अंबरचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला द्या, कारण अंबर लवकर वाळतो. पुढच्या थरांत तेलाचे प्रमाण वाढवत न्या. उलट केल्यास वरचा थर कालांतराने तडकण्याचा धोका असतो.

एप्रनचे कारण निराळे आहे. अल्ट्रामरीन, म्हणजे एप्रनचा गडद निळा, हा पारदर्शक रंग आहे आणि जाड लावला की काळाच दिसतो. व्हर्मीरने तो अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा, अतिशय महागडा वापरला. आपली कृत्रिम ट्यूब त्यामानाने स्वस्त असल्याने हात सैल सुटतो. आधी पांढरा मिसळलेल्या फिकट निळ्याने घड्या उभ्या करा, त्या वाळू द्या आणि मग सावलीच्या जागीच तेलात पातळ केलेल्या निळ्याचा झिरझिरीत थर चढवा.

पावावरचे पांढरे ठिपके सर्वांना भुरळ घालतात, पण त्यांना अगदी शेवटी हात लावा. भिंत वाळल्यावर तिच्यावरचा खिळा आणि त्याची सावली एकाच बारीक ब्रशने, दोनच फटक्यांत काढून पाहा. खिळा भिंतीतून बाहेर आलेला दिसला नाही, तर खिळ्याशी झटापट करू नका, भिंतीची छटा पुन्हा भोकातून तपासा.