शेळ्यांचे खूर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बंदिस्त गोठ्यात 12 उस्मानाबादी शेळ्या आहेत. खुरांची टोकं वाढून वर वळली आहेत. रक्त न येता छाटायचे कसे? (बार्शी)

उत्तर : माळावर चरणाऱ्या शेळीचे खूर दगडधोंड्यांवर झिजतात, गोठ्यात मात्र नुसते वाढत राहतात. त्यामुळे दर 6 ते 8 आठवड्यांनी छाटणी करावीच लागते. डाळिंबाच्या छाटणीचा सिकेटर चालतो. धार मात्र हवी, बोथट पात्याने खूर चिरडतो.

शेळी आखूड बांधा, पुढ्यात थोडा खुराक टाका. पाय आहे त्या रेषेतच मागे दुमडा. बाजूला ओढलात की ती झटके देणारच. आधी खुरातली माती-लेंड्या कोरून काढा. बाहेरची कड तळव्यावर दुमडलेली दिसेल. घाण साचते ती याच घडीत, म्हणून ती पहिल्यांदा कापा. मग टोक, शेवटी तळवा आणि टाच, तेही कागदासारख्या पातळ चकत्यांनी. पांढऱ्यात गुलाबी झाक दिसली की हात थांबवा. खुराच्या वरच्या केसांच्या रेषेला तळवा समांतर आला की काम झाले. नमुना हवा असेल तर आठवडाभराच्या करडाचा खूर पाहा.

तुमच्याकडे वाढ फार झालेली आहे, तेव्हा सगळे एकाच दिवशी उरकू नका. थोडे कापा, 2-3 आठवड्यांनी पुन्हा. उन्हाळ्यात खूर दगड होतात. अर्धा तास ओले गोणपाट बांधले की सुरी चालते. रक्त आलेच तर कापसाने दाबून धरा, पोव्हिडोन आयोडीन लावा, जागा कोरडी ठेवा आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. विण्याच्या तोंडावर आलेल्या शेळ्यांना हात लावू नका.

प्रश्न : पावसात 4 शेळ्या लंगडतात. नख्यांच्या बेचक्यात लाल झालंय, घाण वास येतो. खूर खोलवर कापून मोरचूद भरू का? (चिपळूण)

उत्तर : नको. लक्षणे खूर कुजण्याची आहेत. कुजका भाग कोरत बसलात तर जखम भरायला उलट जास्त दिवस लागतात. आधी तोंड उघडून पाहा. फोड, लाळ, ताप असेल तर ती लाळ्या-खुरकूत. तसे असल्यास लगेच डॉक्टरांना कळवा.

तोंड स्वच्छ असेल तर या चौघींना वेगळे बांधा. 10 लिटर पाण्यात 1 किलो झिंक सल्फेट विरघळवून, धुतलेले खूर बुडतील इतक्या द्रावणात 10-15 मिनिटे उभे करा आणि नंतर तासभर कोरड्या फरशीवर. मोरचूद घ्यायचाच तर 10 लिटरला 500 ग्रॅम, पण शेळी ते पाणी प्यायली तर विषबाधा होते. आधी पोटभर पाणी पाजा. लंगडणे थांबले नाही तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन लागते, ते डॉक्टरांकडूनच. छाटणीची हत्यारे प्रत्येक शेळीनंतर निर्जंतुक करा, नाहीतर रोग तुमच्याच हाताने पसरेल.

प्रश्न : मक्याचा भरडा वाढवल्यावर एक शेळी पाय आखडून उभी आहे, खूर गरम लागतात. छाटणी करावी का? (संगमनेर)

उत्तर : हे छाटणीचे दुखणे नाही. एकदम जास्त धान्य गेल्याने पोटात आम्ल वाढते आणि खुराच्या आतला भाग सुजतो. भरडा बंद, फक्त कोरडा चारा, पायाखाली मऊ पेंढा; डॉक्टर आजच बोलवा.