एमएस आणि ताठरतेची तक्रार: आधी न्यूरोलॉजिस्टला सांगा

भाऊ, वय ३६, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार), वर्षभरापासून लिंगाची ताठरता टिकत नाही, सावजीत जेवून आल्यावर मित्राने दिलेली ताठरतेची गोळी सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेतली तर काहीच झालं नाही, आणि वहिनींना वाटतं तुमचं मन उडालं. तुमचं दुखणं एवढं आहे ना?

मीही एमएसचाच पेशंट, नागपुरातच उपचार घेतो. माझं ऐका, हे आधी न्यूरोलॉजिस्टला सांगा. ते विचारतील म्हणून थांबू नका, ओपीडीच्या गर्दीत हा विषय बहुतेकदा निघतच नाही. मेंदूचा निरोप मज्जारज्जूतून खाली जातो. एमआरआयमधले डाग त्या वाटेवर असले की इच्छा असूनही शरीर साथ देत नाही. वहिनींनाही अगदी असंच सांगा.

आता गोळी. तेलकट जेवणावर सिल्डेनाफिलचा असर उशिरा आणि कमी होतो. ती हलक्या पोटी, साधारण तासभर आधी घ्यायची, आणि जवळीक, स्पर्श नसेल तर नुसत्या गोळीने काही होत नाही. एका फसलेल्या गोळीवरून औषध लागू पडत नाही असं ठरवू नका. त्याच जातीच्या टाडालाफिल गोळीचा असर ३६ तासांपर्यंत राहतो, घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही. मला तीच बरी वाटते. पण गोळी डॉक्टरांकडूनच घ्या. सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची (हृदयविकारावरची) गोळी चालू असेल तर या दोन्ही अजिबात चालत नाहीत, बीपी धोकादायक घसरतं.

चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्यांनी इच्छा कमी होते, वीर्यपतन लांबतं. पाय कडक होतात म्हणून दिलेलं बॅक्लोफेनही कधी आड येतं, पण ते मनाने बंद करू नका. अचानक थांबवलं तर झटके येऊ शकतात.

आणि आपला मे महिना! पारा ४५ वर गेला की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या एमएसच्या तक्रारी तात्पुरत्या वाढतात. दिवसभर उन्हात शिजून रात्री अकराला शरीराकडून काय अपेक्षा करता? पहाटे, झोप झालेली, कूलर चालू, लघवी करून आलेले, अशा वेळी जवळ या.

गोळ्यांनी भागलं नाही तर युरोलॉजिस्टकडे व्हॅक्यूम पंप आहे, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आहे. इंजेक्शननंतर ताठरता चार तासांवर राहिली तर थेट कॅज्युअल्टी गाठा. भिंतीवरच्या गुप्तरोगवाल्यांकडे मात्र पाऊल टाकू नका. असल्या चूर्णांत चोरून सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलं आहे, आणि किती मिसळलं ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

मूल हवं असेल तर तेही पहिल्याच भेटीत बोला. वीर्य बाहेर येत नसलं तरी त्यावर वेगळे उपाय आहेत.