पातळ, पेंढी आणि चुना : घरच्या सजावटीबद्दल तुमचे प्रश्न

श्रावण लागला की मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी पडदे-उशा विचारणारी मंडळी एकदम महालक्ष्म्यांच्या आराशीवर येतात. त्यामुळे पहिला प्रश्न तोच घेते. बाकीचे जसे हाताला लागले तसे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही छत्रपती संभाजीनगरात भाड्यानं राहतो. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. सासूबाईंनी महालक्ष्म्या यंदापासून माझ्याकडे सोपवल्या. पूर्वी त्या थर्माकोलचं मखर आणायच्या. कमी खर्चात, खिळा न मारता आरास कशी करू?

थर्माकोलचा विषय आधी मिटवू. 2018 पासून राज्यात त्याच्या सजावटीवर बंदी आहे आणि माझ्या मते ते बरंच झालं. ते मखर पुढच्या वर्षासाठी माळ्यावर जपून ठेवायचं आणि उंदरांनी त्याची रांगोळी करायची, हे मी आमच्याच घरी पाहिलं आहे.

तुम्ही नळाच्या पाइपांची चौकट करा. पाऊण इंची पीव्हीसी पाइप हार्डवेअरच्या दुकानात मापानं कापून मिळतो. सहा फुटांचे दोन खांब, पाच फुटांच्या दोन आडव्या नळ्या (एक वर, एक खाली जमिनीपासून वीतभर उंचीवर) आणि पायांसाठी फूट-फुटाचे चार तुकडे, म्हणजे सगळा मिळून सव्वीस फूट पाइप. जोडायला वर दोन एल्बो (काटकोनी जोड) आणि खाली चार टी (तीन तोंडांचे जोड). खालच्या नळीच्या जागी खांब कापावा लागेल, ते दुकानातच सांगा. सांधे चिकटवू नका, नुसते दाबून बसवा. विसर्जन झालं की चौकट पाच मिनिटांत सुटते आणि वर्षभर गॅलरीत कपडे वाळवायला चालते. सजावटीची कुठलीही वस्तू घेताना मी हाच प्रश्न विचारते : उतरवल्यावर ती कुठे जाणार?

आता या चौकटीवर पडद्यासारखी सोडायची पातळं, म्हणजे साड्या. बायका इथंच चुकतात. पातळ आडवं बांधलं तर त्याची उंची जेमतेम पावणेचार फूट भरते, मग खाली भिंत दिसते आणि ती झाकायला दुसरं काही शोधावं लागतं. पातळ उभं सोडा. साडेपाच मीटरचं पातळ मधोमध धरून वरच्या नळीवर टाकलं की पुढे नऊ फूट येतं. सहा फूट खाली पडतं, उरलेलं तीन फूट तसंच पुढे ओढून चौरंगावर पसरायचं. पदराचं टोक पुढच्या बाजूला ठेवलं तर पदर बरोबर महालक्ष्म्यांच्या पायाशी येतो. मागचं नऊ फूट अस्तराचं काम करतं, त्यामुळे मागून उजेड आला तरी पडदा विरविरीत दिसत नाही. अशी दोन पातळं शेजारी शेजारी, चुण्या घेऊन, कपड्याच्या चिमट्यांनी अडकवा. टाचणी नको, कात्री नको. पाचव्या दिवशी पातळ परत कपाटात.

दोन्ही एकाच रंगाची असावीत. चार रंगांची चार पातळं लावली की मुखवट्यांकडे नजर जातच नाही. फुलोरा टांगायचा असेल तर वरच्या नळीत आतून बांबूची काठी सारा, नाहीतर करंज्यांच्या भारानं नळी मधोमध लवते. समई कापडापासून दोन हात लांब ठेवा. पातळ सुतीच घ्या, कारण सिंथेटिक कापड पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं.

प्रश्न : परभणीजवळच्या गावात आमचं जुनं मातीच्या भिंतींचं घर आहे. बैठकीची भिंत खालून दोन-अडीच फूट खार फुटून पोपडे धरते. दिवाळीआधी तिथं चिकटवायचा वॉलपेपर लावावा का? स्वस्तही आहे.

लावू नका. मी हा प्रयोग माझ्या माहेरच्या ओसरीत केला होता. दसऱ्याला लावला, संक्रांतीला तो भिंतीचा गिलावा सोबत घेऊनच खाली आला.

जमिनीतली ओल भिंतीत वर चढते. येताना मातीतला खार विरघळवून आणते. पाणी हवेत उडून जातं, खार पृष्ठभागावर पांढरा साचतो आणि फुलताना रंगाला ढकलून देतो. वर प्लॅस्टिकचा कागद, ऑइलपेंट किंवा सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट बंद होते. मग ती आणखी वर चढते आणि दोन फुटांवर असलेली रेघ चार फुटांवर जाते.

आधी बाहेरून पाहा. त्या भिंतीला लागून न्हाणी, हौद किंवा अंगणात साचणारं पाणी असणारच. ते दुसरीकडे वळवलं तर अर्धं काम फुकटात झालं. मग आतली भिंत कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं पुसू नका, खार पुन्हा आत मुरतो. जुना ऑइलपेंट किंवा डिस्टेंपर असेल तर खरवडून काढा, कारण त्यावर चुना धरत नाही. त्यानंतर चुन्याचे तीन हात. चुन्याचा थर ओलीला बाहेर पडू देतो. खार थोडाफार फुटत राहील, पण तो झाडता येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा एक हात मारता येतो.

चुन्याची पूड घ्या, कळीचा चुना नको. कळीवर पाणी पडलं की ती खदखदा उकळते आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पूडसुद्धा मुलांपासून लांब ठेवा. स्वतः चष्मा घाला, हाताला खोबरेल लावा. पूड रात्रभर भिजवायची, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची. द्रावण दुधाइतकंच दाट हवं. पहिला हात मारल्यावर भिंत ओली, मळकट दिसेल आणि वाटेल, पैसे वाया गेले. थांबा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू त्याचा दगड होतो, तसा पांढरा रंग उमलतो. दाट थर मारला तर हाताला पावडर लागते, पातळ तीन थर घट्ट बसतात.

आपल्याकडच्या उन्हाचं एक लक्षात ठेवा. चुना भरभर वाळला तर पक्का होत नाही. म्हणून दुपारी काम नको. उन्हं उतरल्यावर भिंतीवर पाण्याचा फवारा मारून मगच हात फिरवा. हे पाणी बोअरचं मचूळ नसावं, नाहीतर आपणच खार आणून लावतो. शेवटच्या हातात चिमूटभर नीळ घाला. खालची दीड फूट पट्टी गेरूनं घेतली तर पोपडे कमी दिसतात आणि बैठक एकदम ठसठशीत होते.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. जालन्यात राहतो, गावी शेती आहे. त्याला यंदा आकाशकंदील घरी करायचाय. बांबूच्या कामट्यांऐवजी तुराट्या (तुरीच्या काड्या) किंवा पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) चालतील का? मागच्या वर्षी केलेला कंदील टांगल्याबरोबर वाकडा झाला.

तूर दिवाळीत शेतात हिरवी उभी असते, त्यामुळे तुराट्या मागच्या वर्षीच्याच मिळणार. त्यातल्या बऱ्याच किडीनं पोखरलेल्या असतात. वाकवून पाहा, भुसा गळाला तर चुलीत टाका. पऱ्हाट्या फांद्याफांद्यांच्या, सरळ काडी क्वचित मिळते. चांगल्या तुराट्या रात्रभर पाण्यात ठेवल्या तर बांधताना तडकत नाहीत. तरी मुलाचा पहिलाच कंदील असेल तर मी कामट्याच घेईन. एक बांबू बुरुडाकडून चिरून आणला की शेजारच्या चार पोरांचे कंदील होतात.

कंदील वाकडा का झाला? आपला नेहमीचा कंदील म्हणजे सहा चौकोन, कोपऱ्याला कोपरा बांधलेले. एका चौकोनाला चार काड्या, म्हणून एकूण चोवीस. काडी फूटभर असेल तर चोवीस फूट कामटी लागते. चौकोन जोडले की मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. त्रिकोण हलत नाही, चौकोन मात्र दाबला की तिरका होतो आणि सगळा सांगाडा पिळवटतो. उपाय पाच मिनिटांचा : प्रत्येक चौकोनात कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन दोरे ताणून बांधा, फुलीसारखे. बल्ब आत सोडायला वरच्या चौकोनात फुली बांधताना मध्ये थोडी जागा ठेवा. हे मुलाला आधी फुलीशिवाय आणि मग फुलीसकट हलवून पाहू द्या. भूमितीच्या तासाला जे डोक्यात शिरलं नसेल ते इथं शिरेल.

कागद पतंगाचा, चिकटवायला मैद्याची खळ. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात कालवून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत शिजवायचा. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत; ते विषारी आहे, मुलांच्या हातात नको. खळ वाळल्यावर कागद सैल वाटला तर लांबून पाण्याचा हलका फवारा मारा. वाळताना तो ढोलकीसारखा ताणून बसतो. पांढऱ्या कागदावर हे छान जमतं. लाल-हिरव्याचा रंग उतरू शकतो, तेव्हा आधी तुकड्यावर पाहा. झिरमिळ्या मात्र हव्या तेवढ्या रंगीत करा. आत पाच वॅटचा एलईडी पुरे, जुना तापणारा बल्ब नको.

प्रश्न : आमची शेती विकली, आता लातुरात फ्लॅट आहे. येळवशीला (वेळा अमावास्येला) मुलांना कोप, म्हणजे शेतातली कडब्याची खोपी, दाखवायची इच्छा आहे. गच्चीवर लहानशी करता येईल का?

येईल, आणि जरूर करा. कडब्याच्या पाच पेंढ्या शेंड्याकडून एकत्र बांधायच्या आणि बुडं गोलात फाकवायची, पुढून दार मोकळं ठेवायचं. गच्चीवर वारा असतो, म्हणून बुडाशी विटा लावा आणि शेंड्याचा दोर कठड्याला बांधा. आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड, पुढे आंबिलाचा बिंदगा (घागर). मार्गशीर्ष अमावास्येला शिवारातली ज्वारी अजून हिरवी असते, कडबा गेल्या सालचा मिळतो आणि तो काही स्वस्त नाही. म्हणून त्याच्यावर सोनेरी स्प्रे वगैरे मारू नका. एका ताईंनी मला अशा चकाकत्या कोपीचा फोटो मोठ्या कौतुकानं पाठवला होता. दिसायला छान होता, पण तो कडबा कुठल्याच गाईपुढे टाकता आला नसता. साधा ठेवला तर दुसऱ्या दिवशी कुणाच्याही गोठ्यात आनंदानं घेतील. आणि दिवा कोपीच्या आत लावू नका, बाहेर लावा.

प्रश्न : नांदेडहून लिहितेय. आजीची पैठणी घडीवर विरली आहे. तिच्या उश्या शिवाव्यात की फ्रेम करावी?

उशी नको. विरलेलं रेशीम टेकल्या-बसल्यानं महिनाभरात फाटेल. पदर शाबूत असेल तर तेवढाच फ्रेम करा.

आधी पदर उलटून पाहा. जुन्या हातमागाच्या पैठणीचं वैशिष्ट्य असं, की नक्षी मागून-पुढून सारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. तशी असेल तर मोडीवाल्याला दाखवण्याआधी विणकराला दाखवा. आता येवल्यात माग जास्त असले तरी पैठणातही विणकाम चालतं. फ्रेमसाठी धुतलेलं, कांजी नसलेलं सुती कापड पाठीमागे घ्या आणि पदर त्यावर बारीक, लांब टाक्यांनी शिवा. फेविकॉल अजिबात नको, त्याचे डाग वर्ष-दोन वर्षांत पिवळे पडून वर येतात. काच कापडाला टेकू नये, म्हणून फ्रेमवाल्याकडून मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालून घ्या. ऊन थेट पडेल अशा भिंतीवर लावू नका. आणि घडी? ज्या घडीवर विरली, तिच्यावर पुन्हा दुमडू नका, उरलेलं पातळ नळीवर गुंडाळून ठेवा.

प्रश्न : बीडला आमची पश्चिमेची खोली उन्हाळ्यात भट्टी होते. खिडकीला जाड, सुंदर पडदे लावले तर फरक पडेल?

थोडा. पडदा आत असेल तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं, ते पडदाच तापवतं. त्यापेक्षा गोणपाट खिडकीच्या बाहेर, भिंतीपासून वीतभर अंतरावर सोडा. ऊन काचेला लागण्याआधीच अडतं. वाळ्याचे पडदे सुरेख, पण त्यांना सतत पाणी लागतं. एप्रिलात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला मी ते सुचवणार नाही. गोणपाटाच्या काठाला जुन्या लुगड्याची किनार शिवा, बाहेरून घर देखणं दिसेल. आणि आत्ता पावसात खिडकीखाली गोकर्णीचा वेल लावा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवला, तर गोणपाट अर्धंच लागेल.

प्रश्न : दसऱ्याचं झेंडूचं तोरण वाळवून, वार्निश मारून कायमचं करता येतं का? (हिंगोली)

येतं, पण करू नका. चार महिन्यांत धुळीनं राखाडी होतं. त्यापेक्षा तोरण दारावरच वाळू द्या, फुलं चुरडून काळं-पांढरं शेपटीसारखं बी काढा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. पुढच्या आषाढात वाफ्यात टाकलं की दसऱ्याला दारचीच फुलं. संकरित झेंडूचं बी आईसारखंच फूल देईल असं नाही, पण तोरणात कोण बघतं? यंदासाठी मात्र बी टाकायला उशीर झाला. रोपवाटिकेतून दहा-बारा रोपं आजच आणा आणि कळी दिसू लागायच्या आधी प्रत्येकाचा शेंडा एकदा खुडा. फांद्या फुटतात आणि एका झाडाला फुलं जास्त येतात.