गर्भजलावर प्रकाश टाकून बाळाची फुफ्फुसं तयार झाली का ते कळतं म्हणे. बहीण सुरतहून अमळनेरला बाळंतपणाला आलीय, 35वा आठवडा, बीपी वाढलंय. ही तपासणी जळगाव-धुळ्यात कुठे होते?

भाऊ, जळगाव-धुळं पालथं घालू नका. ही तपासणी ज्या यंत्रावर व्हायची, त्याचं किटच कंपनीनं बंद करून बरीच वर्षं झाली.

मी धुळ्यात लॅबमध्ये नोकरी केली. ते यंत्र आम्ही पुस्तकातच पाहिलं. आमच्याकडे शेक टेस्ट. गर्भजलात 95 टक्के अल्कोहोल घालून नळी 15 सेकंद जोरात हलवायची आणि 15 मिनिटं उभी ठेवायची. काठाला बुडबुड्यांचं कडं अखंड टिकलं, तर फुफ्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे श्वास सोडल्यावर फुफ्फुसं मिटू न देणारा पदार्थ, आलंय. तेवढा वेळ टेबलाला धक्का लागू नये म्हणून शिपाई दाराशी उभा!

प्रकाशाच्या तपासणीत तेच आकड्यात कळायचं. गर्भजलात चमकणारा रंग मिसळायचा. अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला रंग जखडतो, सर्फॅक्टंटमध्ये शिरलेला मोकळा गरगरतो. एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडला, की परतताना तो किती विस्कटला यावरून यंत्र सांगायचं, 1 ग्रॅम अल्ब्युमिनमागे किती मिलिग्रॅम सर्फॅक्टंट. 55 किंवा जास्त म्हणजे तयार, 40च्या खाली कच्चं, मधलं अधांतरी. नमुन्यात रक्त उतरलं तर आकड्यावर भरवसा नाही.

पण त्यासाठी पोटातून सुई घालून पाणी काढावं लागतं. आणि फुफ्फुसं तयार निघाली, तरी लवकर जन्मलेल्या बाळाला साखर उतरणं, कावीळ, दूध नीट न ओढणं हे उरतंच. उलट बीपी हाताबाहेर गेलं, तर आकडा कच्चा असला म्हणून डॉक्टर थांबणार थोडेच? म्हणून ही तपासणी मागे पडली. 34 आठवड्यांच्या आत बाळंतपण होईलसं दिसलं, तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोन या औषधाची 6 मिलिग्रॅमची 4 इंजेक्शनं 12-12 तासांनी देतात. तुमची वेळ त्यापुढची, तेव्हा इंजेक्शनाचं डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तुम्ही पाहायची गोष्ट वेगळी. 35 आठवडे कशावरून मोजले? पाळीच्या तारखेत घोळ असतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवर जास्त भरवसा. आपल्याकडे लेक माहेरी येते नि फाईल सासरी कपाटात राहते. पाहुण्यांना आजच फोन करा, पहिल्या रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा आणि डॉक्टरांना दाखवा. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पोटात वरच्या बाजूला कळ आली, तर मात्र फोटोची वाट न बघता रात्रीसुद्धा दवाखाना गाठा.