गेमचं गणित: सुरुवात व्हेक्टरपासून करा

कॅल्क्युलस तूर्त राहू द्या, आधी व्हेक्टर (दिशा आणि लांबी सांगणारी आकड्यांची जोडी) पक्के करा. बेरीज, लांबी, नॉर्मलाइझ (लांबीने भागून लांबी १ करणं) आणि डॉट प्रॉडक्ट (दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा गुणाकार) एवढ्यावर टूडी गेमचं बरंचसं काम भागतं. उजवी आणि वरची की एकदम दाबली की पात्र १.४१ पट वेगाने पळतं, कारण (१, १) ची लांबी √२ असते. म्हणून दिशा नॉर्मलाइझ करून मग वेगाने गुणा. लांबी शून्य असेल तेव्हा मात्र भागाकार टाळा, नाहीतर पात्र पडद्यावरून गायबच होतं.

फिजिक्समध्ये क्रमाला महत्त्व आहे. त्वरणाला डीटीने (एका पायरीच्या वेळेने) गुणून आधी वेग बदला आणि त्या नव्या वेगाने स्थान. स्थान आधी बदललंत तर स्प्रिंगची ऊर्जा वाढत जाते आणि ती उसळ्या मारत सुटते. डीटी १/६० सेकंद असा स्थिर ठेवा; फ्रेम रेटवर सोडलात तर उडीची उंची मशीनगणिक बदलू शकते. सेकंदाला १२०० पिक्सेल जाणारी गोळी एका पायरीत २० पिक्सेल सरकते, म्हणजे १० पिक्सेलची भिंत ती न धडकताच पार करू शकते. तिथे जुन्या आणि नव्या स्थानांना जोडणारी रेषा भिंतीला छेदते का, ते तपासा.

क्वाटर्नियन (थ्रीडीत वस्तू फिरवायचं गणित)? थ्रीडीला हात घालाल तेव्हा बघा.